आईच्या खुब्याच्या वाटीत कॅन्सर: रेडिएशन की स्क्रू-सिमेंट?

मीनल_सांगली
आई ६४ वर्षांची. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो पूर्वीच झालंय. आता पेट स्कॅनमध्ये उजव्या खुब्याच्या वाटीत, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा बसतो तिथे, रोग दिसतोय. हाड आतून पोखरलंय. आडवी असली की तिला बरं असतं, उभी राहिली की कळवळते. काल वॉकर धरून संडासला गेली आणि येताना दारातच थांबली, पाऊल टाकवेना. कॅन्सरचे डॉक्टर रेडिएशन म्हणतात. ऑर्थोच्या डॉक्टरांनी बारीक छेदांतून स्क्रू आणि बोन सिमेंट सुचवलंय. मामा म्हणतो, हाडाला हात लावला की आजार भडकतो. कोणी करून घेतलंय का हे?

अनघा_ठाणे
मीनल, माझ्या बाबांचं केलं होतं. त्यांचा मूळ कॅन्सर किडनीचा. त्या गाठींना रक्तपुरवठा फार असतो, म्हणून आदल्या दिवशी जांघेतून नळी घालून गाठीच्या रक्तवाहिन्या बंद केल्या. मग कमरेखाली भूल देऊन, सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनच्या, पडद्यावर बघत स्क्रू घातले. दुसऱ्या दिवशी फिजिओ उभं करायला आले तेव्हा मी नको नको म्हणत होते, पण बाबा खिडकीपर्यंत चालले. दुखणं पूर्ण गेलं नाही, मॉर्फिन कमी होऊन चालू राहिलं. आजार तर फुप्फुसात वाढतच होता. तो थांबवणं हे या ऑपरेशनचं कामच नाही, हे आईला आणि मामांना आधीच सांग. पण पुढे कितीतरी दिवस बाबा स्वतःच्या पायांनी संडासला जात होते, आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

डॉ_ऑर्थो_नागपूर
रिपोर्ट न बघता निर्णय सांगणार नाही. पण आडवं झाल्यावर बरं आणि भार पडला की असह्य, असं दुखणं बहुधा हाड भार पेलत नसल्याचं असतं. रेडिएशनने गाठ आटते, दुखणंही उतरतं, मात्र पोखरलेलं हाड पुन्हा भरून यायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात. तोवर वाटी खचली तर गोळा आत घुसतो. मग हॅरिंग्टन या हाडांच्या सर्जननी १९८१ साली मांडलेल्या धर्तीचं मोठं ऑपरेशन उरतं: खुबा उघडून पिना, सिमेंट आणि कृत्रिम सांधा. त्यात रक्त बरंच जातं आणि जखम भरेपर्यंत केमो थांबते. अशक्त पेशंटला हे झेपत नाही, म्हणून वेळेवर विचारताय हे फार चांगलं.

छोट्या छेदांच्या पद्धतीत वाटीच्या वरून, पुढून आणि मागून हाडाचे जे जाड पट्टे जातात त्यांतून लांब पोकळ स्क्रू घालतात. काही ठिकाणी आधी सुईने गाठ जाळतात किंवा गोठवतात, मग पोकळीत सिमेंट भरतात. सिमेंट काही मिनिटांत कडक होतं. ते दाब उत्तम सोसतं, पण ओढ आणि पीळ सोसत नाही; त्यासाठी स्क्रू. सिमेंट सांध्यात गळणं, इन्फेक्शन, नसेला इजा हे धोके आहेत. गोळा आधीच आत सरकला असेल किंवा सांध्याचा पृष्ठभाग मोडला असेल तर ही पद्धत पुरत नाही. ते सीटी स्कॅनवर कळतं, तो झालाय का?

मामांना सांगा, आजार रक्तातून हाडात आधीच पोचलाय, स्क्रूने तो तिथे येत नाही. सुईच्या वाटेवर पेशी राहू शकतात, म्हणून जखम भरल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, त्या सगळ्या भागाला रेडिएशन देतात. तेव्हा हे की ते असा प्रश्न नाही. दोन्ही डॉक्टरांना एकत्र बोलायला लावा.

सुहास_फिजिओ
तोवर आईंना भारतीय संडासात उकिडवं बसू देऊ नका. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा. चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. कोणी कितीही सांगितलं तरी मालीश नको. आणि हाडांसाठी झोलेड्रॉनिकचं इंजेक्शन ठरलं असेल तर त्याआधी दात तपासून घ्या, कारण नंतर दात काढला तर जबड्याचं हाड बरं होत नाही असं काहींना होतं.

मीनल_सांगली
सीटी झालेला नाही, उद्याच विचारते. आईची एक दाढ हलतेय, ते बरं सांगितलंत. कमोडची खुर्ची भाड्याने मिळते का?

सुहास_फिजिओ
मिळते. सर्जिकलच्या दुकानात विचारा. हातांचे दांडे भक्कम असलेली आणि उंची वाढवता येणारी घ्या.