मदत हवी आहे: प्रोबेशनमध्ये बाळंतपणाची रजा कुणी घेतलीय का?

वय 33. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टचं काम बघते. पुण्याहून चांगली ऑफर आलीय, प्रोबेशन सहा महिने. पण मूलही आता हवंय. तपासण्या नॉर्मल आहेत, तरी पस्तिशीपुढे ढकलू नका, असं डॉक्टर म्हणाल्या.

26 आठवड्यांच्या पगारी रजेसाठी प्रसूतीच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्याच कंपनीत 80 दिवस काम लागतं, ते जमेल. एचआरला विचारलं, तर "पॉलिसीप्रमाणे" एवढंच उत्तर. नवरा, सासूबाई सोलापुरातच असतात. नोकरी सोडून घरी बसायचा सल्ला कृपया नको, नोकरी करायची हे ठरलंय.

प्रोबेशनमध्ये रजेवर गेलेल्यांना परतल्यावर कायम केलं का? आणि मूल हवंय हे तुम्ही रुजू होण्याआधी सांगितलंत की नंतर?