विद्यापीठाचं उद्योजकता केंद्र: कोकम-काजूवाल्यांना नेमकं काय द्यावं?

केंद्र_समन्वयक (फोंडा)
नमस्कार. आमच्या केंद्राकडे दोन खोल्या आहेत, अन्नतंत्र विभागाची प्रयोगशाळा सामाईक वापरायला मिळते आणि बजेट बेताचं. आजवर भर व्याख्यानं आणि ‘आयडिया’ स्पर्धांवर. दारात मात्र येतात गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीतले स्वयंसहाय्य गट: कोकम सिरप, आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस), काजूच्या बोंडूचा रस करणारे. त्यांना बक्षीस नको, बाटली का फुगली ते हवंय. नव्या उद्योगांना आधार देणारी केंद्रं म्हणून वेर्ण्याला सीबा, फातोर्ड्याला फायर आहेच. तेच पुन्हा उभारण्यात अर्थ दिसत नाही. सुरुवात कुठून करावी?

ब्रिक्समापक
फुगलेल्या बाटलीपासूनच करा.

कोकमाचा पीएच 4.6 च्या बराच खाली असतो, त्यामुळे घातक जिवाणूंची भीती कमी. यीस्टला मात्र आम्लाचं काही वाटत नाही. साखर कमी पडली किंवा गार सिरप भरलं की ते आंबतं, वायू होतो, बाटली फुगते. बहुतेक घरांत एकतारी पाक झाला की उतरवतात, आणि ती तार दर हाताला वेगळी. फळांच्या सिरपला किमान 25 टक्के रस आणि 65 टक्के विद्राव्य घन (साखर वगैरे विरघळलेला भाग) हे प्रमाण धरा. 10 किलो सिरपला रस 2.5 किलो, तो 10 ब्रिक्सचा (म्हणजे 10 टक्के विद्राव्य घनाचा) असेल तर त्यातून 250 ग्रॅम घन मिळालं. हवेत 6.5 किलो, म्हणजे साखर 6.25 किलो आणि पाणी सव्वा किलो. उकळताना पाणी उडतं, म्हणून शेवटचं माप नमुना गार करून घ्यायचं.

रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स मोजायचं उपकरण) घेताना 0–32 ब्रिक्सचा घेऊ नका. स्वस्त असतो म्हणून तोच मागवला जातो आणि सिरपला निरुपयोगी ठरतो. 0–90 चा घ्या. आगळाला तो लावून साखर मोजायला जाऊ नका, मिठामुळे आकडा चढतो. पीएच मीटर 7 आणि 4 च्या बफरवर (ठरावीक पीएचच्या द्रावणावर) लावतात, कोकमासाठी 4.01 आणि 1.68 चे बफर ठेवा.

टिकवण्यासाठी बेंझोइक आम्ल म्हणून 600 पीपीएम (दहा लाखांत 600 भाग) घालायचं ठरलं तर 10 किलोला 6 ग्रॅम. बाजारात मिळतं ते सोडियम बेंझोएट, ते सुमारे 7.1 ग्रॅम लागतं. चमच्याने घालण्याची ही वस्तू नव्हे; 0.1 ग्रॅमचा काटा हवाच. सल्फाइट हे दुसरं टिकवण-रसायन टाळा, कोकमाचा लाल रंग त्याने फिका पडतो. जास्त उकळल्यानेही रंग तपकिरी होतो: 85 अंशांवर काही मिनिटं, गरम भरा, लगेच थंड करा. साधी पेट प्लास्टिकची बाटली या तापमानाला आकसते, तेव्हा काच वापरा. आगळात मीठ आणि आम्ल दोन्ही असल्याने 304 या नेहमीच्या स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात. साठवण फूड-ग्रेड एचडीपीई प्लास्टिकच्या पिंपात करा.

टिकवण तपासायला एका बॅचच्या 24 बाटल्या घ्या. निम्म्या खोलीत, निम्म्या 37 अंशांच्या इनक्युबेटरमध्ये. दर पंधरवड्याला दोन्हींतली एकेक उघडून पीएच, ब्रिक्स, रंग, यीस्ट-बुरशी नोंदवा. सहा महिने पुरतात. उष्ण कपाटातल्या बाटल्या इशारा लवकर देतात, पण लेबलवरची तारीख खोलीतल्या बाटल्यांवरून ठरवा.

एक धोका: तुमच्या प्रयोगशाळेचा अहवाल सुधारणेसाठी ठीक. परवान्याखालच्या नियमित तपासणीला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यता असलेली, एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अधिसूचित केलेली प्रयोगशाळाच लागते. ‘विद्यापीठ प्रमाणित’ असं लेबलवर कुणाला छापू देऊ नका.

दप्तरी
वरचं तांत्रिक बरोबर. कागदांच्या बाजूने थोडं.

या गटांना ‘स्टार्टअप’ म्हणून ढकलू नका. एकल मालकीच्या धंद्याला केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडियाची मान्यताच मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी असं काही लागतं, आणि मग दरवर्षीचा लेखापालाचा खर्च. पाच हजारांच्या सिरपसाठी कंपनी काढायला लावणं हा अन्याय आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत होते, पैसे मागणाऱ्या एजंटाला घालवून द्या.

पीएमईजीपी (केंद्राची कर्ज-अनुदान योजना) पहिल्यांदा घेताना फक्त नव्या युनिटला मिळतं, म्हणून माणूस धंदा सुरू करण्याआधी तुमच्याकडे यायला हवा. महिला विशेष गटात येतात: ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान, स्वतःचे 5 टक्के. अनुदान हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत अडकून राहतं. हे आधी सांगितलं नाही तर नंतर केंद्राच्या नावाने बोटं मोडतात.

ट्रेडमार्क: व्यक्तीला ऑनलाइन अर्ज मालाच्या एका वर्गाला 4,500 रुपये. सिरप वर्ग 32, लोणचं 29. ‘गोवा कोकम’ असलं वर्णनात्मक नाव आणलं की हरकत येणारच. नाव ठरवायच्या आधी ते ट्रेडमार्क नोंदींत आहे का याचा शोध घ्या, लेबलं छापल्यावर नव्हे.

केंद्र_समन्वयक (फोंडा)
आभार. एक शंका: विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून ही तपासणी देता येईल ना? मनुष्यबळ तेवढंच आहे.

दप्तरी
द्या, पण नमुना हातात घेण्यापूर्वी एक पानी करार करा. प्रबंध ग्रंथालयात गेला की कृती जगजाहीर. कोकमाच्या पारंपरिक कृतीला पेटंट मिळणं जवळपास अशक्य, तेव्हा गुप्तता एवढीच तिची राखण. कृती परिशिष्टात, तेही बंद. प्रबंधात फक्त मोजमापं. बी वेगळं करणारं यंत्र वगैरे कुणी बनवलं तर गोष्ट निराळी: प्रदर्शनात मांडण्याआधी तात्पुरता पेटंट अर्ज, आणि 12 महिन्यांत पूर्ण तपशील.

सत्तरीची_पायवाट
सगळं छान, पण कॅलेंडर बघितलंत का? कोकम एप्रिल-मेचं, पाऊस लागला की संपलं. तेव्हा तुमच्या परीक्षा आणि मग सुट्टी. प्रयोगशाळेला कुलूप, विद्यार्थी घरी. बजेट बेताचं असेल तर व्याख्यानं कमी करा आणि मार्च ते जून एक तंत्रज्ञ कंत्राटावर घ्या. विभागप्रमुखांकडून सुट्टीतल्या चावीची परवानगी जानेवारीतच लेखी घ्या.

बोंडूला तर ‘नमुना घेऊन या’ हे चालतच नाही. सकाळी वेचलेला बोंडू दुपारपर्यंत आंबायला लागतो. सत्तरीतल्या वाळपईहून फोंड्याला पोचेस्तोवर तुम्ही वेगळाच पदार्थ मोजाल. एका पेटीत रिफ्रॅक्टोमीटर, पीएच मीटर, बफर, तापमापक आणि काटा घालून तंत्रज्ञालाच गावात पाठवा. केंद्राची यंत्रं गटांना वापरायला दिलीत तर भाडं तासावर लावू नका, किलोवर लावा. नवखा माणूस हळू चालतो, तासाचं भाडं त्यालाच बसतं. साफसफाईचं शुल्क वेगळं आणि आगाऊ घ्या, नाहीतर चिकट पातेली पुढच्याला घासावी लागतात आणि भांडण तुमच्या टेबलावर येतं.