मदत हवी आहे: डीएमए-बफमधून आलेल्या फ्रेमचे रंग खाली सरकतात

नमस्कार. लिनक्सवर व्हिडिओ प्लेअर लिहितोय. व्हीफोरएलटूच्या (लिनक्सची व्हिडिओ उपकरणांची यंत्रणा) हार्डवेअर डिकोडरमधून एच.२६४ फ्रेम घेतो आणि जीपीयूकडून दाखवतो. आधी एक तयार लायब्ररी प्रत्येक फ्रेम कॉपी करून द्यायची. १९२०×१०८० ची एनव्ही१२ फ्रेम (आधी उजेडाच्या सगळ्या ओळी, मग रंगांच्या) म्हणजे ३१,१०,४०० बाइट, तेही सेकंदाला ६० वेळा. ते टाळायला आता डिकोडरच्याच बफरचा डीएमए-बफ फाइल डिस्क्रिप्टर (तीच मेमरी कॉपी न करता दुसऱ्याला वापरू देणारा क्रमांक) काढून थेट ईजीएलला (जीपीयूशी जोडणारा इंटरफेस) देतो.

आकृत्या जागच्या जागी दिसतात, पण रंग घसरलेले. ओठांचा लाल रंग हनुवटीकडे उतरतो. वरच्या कडेला हिरवी पट्टी येते. मोजली तर बरोबर १६ ओळी. स्ट्राइड (एका ओळीचे बाइट) १९२० दिलाय, रंगांच्या प्लेनचा ऑफसेट (रंगांचा भाग बफरमध्ये जिथे सुरू होतो ती जागा) १९२०×१०८०. विशेष म्हणजे ७२०चे व्हिडिओ अगदी नीट चालतात. तीन दिवस इथेच अडकलोय. ड्रायव्हरमध्ये दोष असेल का?

उत्तर:
ड्रायव्हर ठीक आहे. ७२० चालतं, १०८० नाही, यातच सगळं आलं. एच.२६४ चं चित्र १६×१६ च्या ठोकळ्यांत बांधलेलं असतं. ७२० ला १६ ने भाग जातो, १०८० ला जात नाही, म्हणून डिकोडर १०८८ ओळींची जागा घेतो. तुमचा ऑफसेट त्या ८ रिकाम्या ओळींवर पडतोय. रंगाची एक ओळ चित्राच्या दोन ओळींना पुरते, म्हणून १६. आणि तिथे शून्य भरलेलं असलं की यू-व्ही (रंगाचे दोन आकडे) शून्य, म्हणजे हिरवा.

ऑफसेट १९२०×१०८८, म्हणजे २०,८८,९६० द्या. ईजीएलला उंची मात्र १०८०च सांगा. हे आकडे कोडमध्ये कोरू नका. व्हीफोरएलटूच्या जी-एफएमटी कॉलमधून खरी उंची आणि स्ट्राइड घ्या, दिसणारा भाग जी-सिलेक्शन कॉलमधून.

२०१२ मध्ये कर्नल ३.३ मध्ये आल्यापासून डीएमए-बफ म्हणजे मेमरीचा तुकडा आणि त्याची लांबी, एवढंच. आत काय कसं मांडलंय ते डिस्क्रिप्टरबरोबर जात नाही, आपणच सांगावं लागतं.

धागाकर्ता:
जमलं! रंग जागेवर आले, मनापासून आभार. आणखी एक: स्क्रीनशॉटसाठी तोच डिस्क्रिप्टर एममॅप करून (बफर आपल्या प्रोग्रामच्या मेमरीत जोडून) वाचतो, तर मध्येच आधीच्या फ्रेमचे तुकडे दिसतात.

उत्तर:
ते सीपीयूच्या कॅशेमधलं शिळं आहे. वाचण्याआधी डीएमए-बफचा सिंक आयऑक्टल (ड्रायव्हरला हुकूम देणारा कॉल) स्टार्ट आणि रीड फ्लॅग लावून बोलवा, वाचून झालं की एंड आणि रीड. आणि तोवर तो बफर डिकोडरला परत देऊ नका.