दोन इंजिनं, दोन कंपनीचे डिकोडर, स्पीड काय जुळेना

खानापूरकर: कॅसलरॉक घाटाचा मॉडेल रेल्वेचा लेआउट करायलोय, एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या १/८७. पुढं एक इंजिन आणि मागनं ढकलायला बँकर. पण दोन्हींचे डिकोडर (इंजिनात बसवलेली, मोटर चालवणारी चिप) वेगळे, बँकर जास्त पळतंय आणि वळणावर मधले डबे रुळावरनं उतरतात. काय करू?

निपाणीचा गार्ड: पहिलं दोन्हींचं सीव्ही (डिकोडरमधली नंबरवार सेटिंग) ३ आणि ४ शून्य करा, मोमेंटम, म्हणजे हळूहळू स्पीड घेणं-सोडणं, काढल्याशिवाय काय कळत नाही. हळू आहे त्याला हात लावू नका, पळणाऱ्यालाच खाली आणा, सीव्ही २ सुरुवातीला, ६ मधल्या स्पीडला, ५ टॉपला. मग न जोडता गोल ट्रॅकवर अंतर ठेवून सोडा, अंतर टिकलं की झालं.

टिळकवाडी: दरवेळी तीन सीव्हीत भागत नाही बगा. काही डिकोडरना ५-६ नसतंयच, मग सीव्ही २९ च्या आकड्यात १६ मिळवून स्पीड टेबल (प्रत्येक टप्प्याचा वेगळा स्पीड) चालू करा आणि ६७ ते ९४ भरा, हातानं २८ आकडे कोण भरत बसतंय, जेएमआरआय हे कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. आणि बॅक ईएमएफ, म्हणजे डिकोडर मोटरचा स्पीड मोजून तोच टिकवतो ते! चढणीवर दोघंही आपलाच स्पीड धरून बसतात, खरी भांडणं तिथं. एकाचं बंद करून बगा.

खानापूरकर: मोटर आधी गरम करू का?

निपाणीचा गार्ड: हो की, दोन्ही दिशेला पळवा. खऱ्या घाटाचा चढ १:३७ आहे, तुमचा किती?

खानापूरकर: १:३०. माडीवर जागाच नाही ओ.