एमआरआयच्या रिपोर्टमध्ये मेंदूच्या गाठीची ग्रेड लिहावी का?

सावली

माझ्या मोठ्या भावाला ५६व्या वर्षी आयुष्यातली पहिली फिट आली. एमआरआय झाला. त्या रिपोर्टची शेवटची ओळ मला आजही तोंडपाठ आहे: 'डाव्या टेम्पोरल भागात कॉन्ट्रास्ट न घेणारी गाठ, लो ग्रेड ग्लायोमा वाटतो.' ग्लायोमा म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींची गाठ, आणि ग्रेड म्हणजे ती किती जहाल आहे याचा १ ते ४ असा आकडा. 'लो ग्रेड' हे दोन शब्द वाचून घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला. दादा स्वतः एकेकाला फोन करून सांगत होता, 'काळजी करू नका, साधी आहे.' फिटच्या गोळ्या सुरू झाल्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलं. चौथ्या महिन्यात त्याला शब्द सापडेनासे झाले. पेला हवा असला की हाताने पेल्याचा आकार करायचा आणि 'ते... पाण्याचं' म्हणायचा. दुसऱ्या एमआरआयमध्ये त्याच जागी कडीसारखी चमक होती. तुकडा तपासला, ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४.

नंतर मी बरंच वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात असं स्पष्ट आहे की प्रौढ माणसाच्या पसरट ग्लायोमामध्ये आयडीएच जनुक मूळ स्थितीत असेल आणि सोबत टर्ट किंवा ईजीएफआर या जनुकांचे ठरावीक बदल सापडले, तर सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कितीही सौम्य दिसो, ती ग्रेड ४ धरायची. म्हणजे दादाची गाठ बहुधा पहिल्या दिवसापासूनच ग्रेड ४ची होती, फक्त चित्रात तशी दिसत नव्हती.

माझं मत सरळ आहे. रेडिओलॉजिस्टने जे दिसतं त्याचं वर्णन करावं आणि तिथेच थांबावं. ग्रेड ठरवण्याचा अधिकार ऊतकाचा, म्हणजे गाठीतून काढलेल्या तुकड्याचा आहे. तंत्र कितीही प्रगत असलं तरी रिपोर्टमध्ये ग्रेड लिहू नये. वेगळं मत असेल तर जरूर मांडा, मला ऐकायचं आहे.

किरणवाचक

सावलीताई, तुमच्या दादाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. मी गेली अनेक वर्षं मेंदूचे एमआरआय वाचतो आहे, आणि तरीही तुमच्या मागणीशी असहमत आहे.

चूक ग्रेड लिहिण्यात नव्हती. एकाच खुणेवरून ती लिहिण्यात होती. कॉन्ट्रास्ट, म्हणजे गॅडोलिनियमचं औषध, मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत फुटली असेल तिथेच बाहेर झिरपतं आणि चमकतं. ती चमक भिंतीबद्दल सांगते, गाठीच्या स्वभावाबद्दल फारसं नाही. लहान मुलांतला पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा ग्रेड १ असतो आणि लख्ख चमकतो. उलट ज्या जहाल गाठीत भिंत अजून शाबूत आहे, ती चमकतच नाही. साध्या एमआरआयवर ग्रेड लिहिणं म्हणजे घराचा रंग बघून आत कोण राहतं ते सांगणं.

म्हणूनच पुढची तंत्रं आली. परफ्युजनमध्ये तेच औषध जोरात टोचतात आणि दर दीड-दोन सेकंदाला अख्ख्या मेंदूचं चित्र घेत राहतात. औषध रक्तातून जाताना एमआरआयचा सिग्नल क्षणभर मंदावतो. त्या खळग्यावरून कुठे किती रक्त आहे ते काढता येतं. जहाल गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उभारते, त्यामुळे ती रंगीत नकाशात लाल दिसते. २००३ साली १६० रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साध्या एमआरआयने हाय ग्रेड ग्लायोमा ओळखण्याची संवेदनशीलता, म्हणजे खरोखर हाय ग्रेड असलेल्यांपैकी किती पकडले जातात ते प्रमाण, ७२.५ टक्के होती. गाठीतलं रक्त निरोगी पांढऱ्या भागाच्या १.७५ पट ही सीमा धरली, तर ती ९५ टक्क्यांवर गेली. तुमच्या दादाचं परफ्युजन झालं असतं, तर कदाचित कोणी सहा महिने थांबलं नसतं. आणि परफ्युजन करून 'रक्तपुरवठा वाढलेला आहे' एवढंच लिहिलं, त्याचा अर्थच लिहिला नाही, तर कामाच्या गर्दीत ती ओळ किती जण थांबून वाचतील?

सूक्ष्मदर्शी

किरणवाचक, त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही सांगायला हवा होता. ९५ टक्के संवेदनशीलतेच्या त्या सीमेवर विशिष्टता ५७.५ टक्केच होती. म्हणजे लो ग्रेड असलेल्या दर १० गाठींपैकी साधारण ४ गाठींवर 'हाय ग्रेड'चा शिक्का बसला. ज्या घरात तो शिक्का पोहोचतो, तिथे रात्री कशा जातात ते तुम्हीही पाहिलं असेल.

मी पॅथॉलॉजीत आहे. ऑलिगोडेंड्रोग्लायोमाची स्लाइड एकदा पाहिली की विसरत नाही. तळलेल्या अंड्यासारख्या गोल गोल पेशी आणि त्यांच्यामधून कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारख्या बारीक रक्तवाहिन्या. ही जाळी ग्रेड २मध्येही असते. परफ्युजनला फक्त रक्त कळतं, त्यामुळे तो नकाशा लाल होतो आणि रिपोर्टमध्ये हाय ग्रेड येतं. प्रत्यक्षात योग्य उपचार मिळाले तर हे रुग्ण बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त जगतात.

शिवाय आता ग्रेड हा सुटा आकडा राहिलेलाच नाही. आधी गाठीचा प्रकार ठरतो, तो जनुकांवरून, आणि मग त्या प्रकाराच्या आतली ग्रेड. आयडीएच बदललेल्या ॲस्ट्रोसायटोमामध्ये सीडीकेएनटूए जनुकाच्या दोन्ही प्रती गेलेल्या असतील, तर बाकी काहीही दिसो, ग्रेड ४. हे कुठल्या चित्रात दिसणार? आणि औषधंही त्यावरच ठरतात. व्होरासिडेनिब हे औषध आयडीएच बदललेल्या ग्रेड २ गाठींसाठी आहे. २०२३च्या चाचणीत त्याने रोग वाढेपर्यंतचा काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर नेला. ते सुरू करायला जनुकाचा अहवाल लागतो, लाल नकाशा चालत नाही.

मी सावलीताईंच्या बाजूने.

तरंगलांबी

मशीनच्या बाजूने थोडं सांगतो, कारण माझं काम तेच आहे.

'आयडीएच चित्रात कुठे दिसणार' याचं उत्तर अर्धं आहे, पण आहे. आयडीएच बदलला की पेशीत २-हायड्रॉक्सीग्लुटरेट नावाचं रसायन साठतं, हे २००९मध्ये कळलं. २०१२मध्ये ते जिवंत रुग्णाच्या डोक्यात, बाहेरूनच, स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे एमआरआय मशीनवरच रसायनं मोजायच्या तंत्राने, मोजून दाखवलं गेलं. चाकू नाही, सुई नाही. मी पहिल्यांदा तो आलेख पाहिला तेव्हा किती तरी वेळ स्क्रीनसमोर बसून होतो. डावीकडे कोलीनचं उंच टोक, उजवीकडे निरोगी चेतापेशींची खूण असलेलं एनएए जवळजवळ सपाट झालेलं, आणि त्यांच्यामध्ये आलेखाच्या पट्टीवर २.२५ला एक लहानसा उंचवटा. तो उंचवटा म्हणजे एक जनुक बदलल्याची खबर!

आता अडचण. त्याच जागी ग्लुटामेट, ग्लुटामाइन आणि गाबा यांचेही उंचवटे असतात, एकमेकांवर चढलेले. ते सुटे करायला वेगळी जुळवणी लागते आणि रुग्णाला बराच वेळ अजिबात न हलता पडून राहावं लागतं. मोजायची चौकट बरेचदा २ सेंटिमीटर बाजूची असते. गाठ लहान असेल, रक्तस्राव झालेला असेल, कवटीच्या तळाशी हवेच्या पोकळीला खेटून असेल, तर आलेख म्हणजे नुसता खरखराट. तो खरखराटही सॉफ्टवेअर आकड्यात बदलून देतं. आकडा रिपोर्टमध्ये जातो, खरखराट जात नाही.

परफ्युजनचंही तेच. भिंत फुटलेली असली की औषध मोजता मोजताच झिरपतं आणि रक्ताचं प्रमाण खरं आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतं. ती गळती दुरुस्त करायच्या पद्धती आहेत, पण सगळीकडे सारख्या वापरत नाहीत. म्हणून १.७५ ही सीमा एका मशीनवरून उचलून दुसऱ्यावर जशीच्या तशी लावता येत नाही.

मी कोणाच्याच बाजूने नाही. ग्रेड लिहायची तर लिहा, पण आलेखाचा दर्जा कसा होता हे त्याच ओळीत लिहा.

किरणवाचक

तरंगलांबी, शेवटची सूचना शंभर टक्के मान्य. मी ती उद्यापासून पाळेन.

सूक्ष्मदर्शी, ऑलिगोचा मुद्दाही मान्य. पण ऊतक हा अंतिम शब्द आहे असं म्हणताना ते ऊतक कुठून येतं ते बघा. सुईने निघणारा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा, गाठ लिंबाएवढी. एकाच गाठीत एका कोपऱ्यात ग्रेड २सारखा भाग आणि दुसऱ्या कोपऱ्यात ग्रेड ४ असू शकतो. सुई कुठे जावी हे कोण सांगणार? माझ्यासमोर अशी एक केस आली होती. ठरलेली जागा गाठीचा मधला, सहज पोहोचता येणारा भाग होता. परफ्युजनमध्ये लाल ठिपका मागच्या कडेला होता, सव्वा सेंटिमीटर अंतरावर. सर्जन आणि मी शेजारी बसून मार्ग पुन्हा आखला आणि दोन्ही ठिकाणचे तुकडे घेतले. मधल्या तुकड्यात काही जहाल नव्हतं. मागच्या तुकड्यात पेशींचा मृत भाग आणि बेसुमार वाढलेल्या रक्तवाहिन्या होत्या. ऊतकाला 'अंतिम' म्हणताना तो मधला तुकडाही ऊतकच होता हे विसरू नका.

आणि संशय स्पष्ट नाव घेऊन लिहिण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे लिम्फोमा, पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग. गाठ एकसारखी चमकते, डिफ्युजन या एमआरआयच्या प्रकारात पाण्याची हालचाल अडलेली दिसते. अशा वेळी मी रिपोर्ट टाइप करण्याआधी फोन उचलतो: 'जमत असेल तर स्टेरॉइड देऊ नका.' कारण स्टेरॉइडने लिम्फोमा विरघळल्यासारखा होतो आणि मग बायोप्सीत काहीच सापडत नाही. तिथे फक्त वर्णन लिहून थांबलो, तर रुग्णाचं निदानच हातचं जाईल.

अबोली

मी डॉक्टर नाही. मी ती 'गाठ' आहे. पाच वर्षांपूर्वी डोकं दुखायचं, डावा हात जड झाला. सीटीमध्ये कडीसारखी चमक. रिपोर्टमध्ये चक्क 'हाय ग्रेड ग्लायोमा' लिहिलेलं, प्रश्नचिन्हसुद्धा नाही. एमआरआयला चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी मुलीला बँकेची कागदपत्रं कुठे आहेत ते दाखवलं. ती नववीत होती. तिने काही न विचारता वहीत लिहून घेतलं.

एमआरआयच्या डिफ्युजनमध्ये कडीच्या आतला भाग पांढराशुभ्र निघाला. तिथल्या डॉक्टरांनी मला स्क्रीनवर दाखवलं. पू घट्ट असतो, त्यात पाणी हलू शकत नाही म्हणून तो असा दिसतो. गाठीतला सडलेला भाग पातळ असतो, तो सहसा असा दिसत नाही. मेंदूत गळू होतं. ऑपरेशन करून पू काढला, कित्येक आठवडे अँटिबायोटिक घेतली. आज मी हे टाइप करते आहे, दोन्ही हातांनी.

त्या तंत्राने मला वाचवलं. आणि अर्धवट चित्रावर लिहिलेल्या ग्रेडने माझ्या मुलीला ती वही धरायला लावली. दोन्ही खरं आहे. त्यामुळे मला कोणाच्या एकाच बाजूला बसता येत नाही.

दिवेलागण

उपचारानंतरच्या एमआरआयबद्दल कोणी बोललं नाही. बायकोचं ग्लायोब्लास्टोमाचं रेडिएशन आणि केमो संपलं. पुढच्याच एमआरआयमध्ये चमक वाढलेली. एका डॉक्टरांनी 'गाठ वाढली, औषध बदला' म्हटलं. दुसऱ्यांनी सांगितलं की रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत अशी खोटी वाढ दिसू शकते, ती उपचारांची प्रतिक्रिया असते. परफ्युजनमध्ये तो भाग थंड होता. मग पेट स्कॅन झाला, पण नेहमीच्या ग्लुकोजचा नाही. मेंदू मुळातच ग्लुकोज खूप खातो, त्यामुळे त्यात गाठ बुडून जाते. एफईटी नावाच्या अमिनो आम्लाचा केला. तोही फारसा पेटला नाही. औषध तेच ठेवलं. पुढच्या एमआरआयमध्ये चमक कमी झाली.

सूक्ष्मदर्शी, दर दोन-तीन महिन्यांनी तिच्या डोक्यात सुई घालता आली नसती. त्या वेळी कोणीतरी चित्र बघून निर्णय लिहिणं भागच होतं.

सूक्ष्मदर्शी

दिवेलागण, खरं आहे. मी पहिल्या निदानाचाच विचार करत होतो. उपचारानंतर तर ऊतक मिळालं तरी त्यात जिवंत गाठ आणि रेडिएशनने मेलेला भाग एकत्र असतो, त्याचा अर्थ लावताना आम्हालाही घाम फुटतो. तिथे चित्रांचा वेळोवेळचा क्रमच जास्त बोलतो. पहिल्या निदानाबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

सावली

अबोलीताई, तुमची वही डोक्यातून जात नाहीये.

सगळं दोनदा वाचलं. लिम्फोमाचं आणि सुईच्या जागेचं मला माहीत नव्हतं. 'ग्रेड लिहूच नये' हा माझा हट्ट मी मागे घेते. पण किरणवाचक, तुम्हाला एक नेमका प्रश्न आहे. आज ५६ वर्षांचा माणूस, पहिली फिट, टेम्पोरल भागात कॉन्ट्रास्ट न घेणारी गाठ. तुम्ही शेवटच्या ओळीत काय लिहाल?

किरणवाचक

असं लिहीन:

'पसरट ग्लायोमाचा दाट संशय. कॉन्ट्रास्ट घेत नसली तरी या वयात यावरून ग्रेड कमी धरता येणार नाही, ग्लायोब्लास्टोमाची सुरुवातही अशी दिसू शकते. परफ्युजनमध्ये मागच्या कडेला रक्तपुरवठा वाढलेला (गळतीची दुरुस्ती केली आहे, दर्जा चांगला), तुकडा तिथूनही घ्यावा. ग्रेड जनुकीय तपासणीनंतरच. वाट पाहण्याचा सल्ला देत नाही.'

सूक्ष्मदर्शी

'जनुकीय तपासणीनंतरच'च्या पुढे कोणती तपासणी तेही लिहा: आयडीएच, टर्ट, ईजीएफआर, आणि ७ व १० क्रमांकाची गुणसूत्रं. तुकडा लहान असला की आमच्याकडे तो नेहमीच्या डाग-चाचण्यांतच संपतो. आधी कळलं तर मी त्यातला काही भाग वेगळा राखून ठेवतो.

किरणवाचक

लिहितो.