टार्क्विनीला ‘नियमांचा लाडका’ म्हणणाऱ्यांसाठी

गाडीवान
काल इथे एकाने ठोकून दिलं: "गॅब्रिएले टार्क्विनी म्हणजे एफवनमध्ये नापास, १९९४ला विंगमुळे, २००९ला डिझेलमुळे आणि २०१८ला बीओपीमुळे तरलेला माणूस." म्हणजे या ड्रायव्हरने १९९४ला बीटीसीसी (ब्रिटनची टूरिंग कार मालिका), २००९ला डब्ल्यूटीसीसी (जागतिक टूरिंग कार मालिका) आणि २०१८ला डब्ल्यूटीसीआर (तिच्या जागी आलेली मालिका) जिंकली ती फक्त नियमांच्या कृपेने. बीओपी म्हणजे वेगवेगळ्या गाड्या तुल्यबळ ठेवायला लावलेले निर्बंध. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा.

एफवनच्या प्री-क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे पात्रता फेरीच्याही आधीच्या चाळणीत, २५ वेळा अडकला, विक्रमच आहे तो. पण ती चाळणी बघा. शुक्रवारी सकाळी एक तास, पहिले चार पुढे, बाकीच्यांनी ट्रक भरायचा. तासाभरात गिअर अडकला की शर्यत घरी बसून बघा. १९८९ला त्याच्या एजीएस संघाला पहिल्या सहामाहीत चाळणी नव्हती, तेव्हा हाच मेक्सिकोत सहावा आला, एक गुण मिळवून. सिल्व्हरस्टोनपासून चाळणी लागली आणि वर्ष संपलं.

मागचं_चाक
एका गुणावर किती दिवस जेवणार? त्याच तासातून योहान्सन ऑनिक्स संघाची गाडी घेऊन बाहेर पडला आणि एस्तोरिलला तिसरा आला. चाळणी सगळ्यांना सारखीच होती.

आणि ९४चं विसरलात का? टार्क्विनीच्या संघाने, अल्फा रोमिओने, १५५ची २,५०० गाड्यांची ‘सिल्व्हरस्टोन’ आवृत्ती होमोलोगेट केली, म्हणजे शर्यतीसाठी मान्य करून घेतली. पुढचा स्प्लिटर (बंपरखालची पट्टी) दोन जागी बसतो आणि मागची विंग उंच करायचे ब्रॅकेट डिकीत. बाकीच्यांकडे डाउनफोर्सच (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर) नाही, मग पहिल्या पाच शर्यती खिशात. ओल्टन पार्कला विंग खाली करा म्हटल्यावर सामान बांधून निघून गेले. हा पराक्रम?

गाडीवान
डोळे उघडून नियम वाचले, एवढाच गुन्हा. पुढच्या वर्षी सगळ्यांनाच विंग मिळाल्या, म्हणजे अल्फाचं गणित बरोबरच होतं. शिवाय दुसऱ्या अल्फात सिमोनी होता, त्याच विंगसकट. तो का नाही चॅम्पियन झाला?

धुराडे
विंगचं राहू द्या, डिझेलवर बोला. टार्क्विनीच्या सीआट लिऑन टीडीआय या डिझेल गाडीचा टॉर्क बघितला की बाकीच्यांचं बीटीसीसी, डब्ल्यूटीसीसी सगळं हास्यास्पद वाटतं. कोपऱ्यातून बाहेर पडताना एक गिअर वरचा चालतो.

मागचं_चाक
तेच तर! आमच्या बीएमडब्ल्यू ३२०एसआयला सिक्वेन्शिअल गिअरबॉक्स (झटपट गिअर बदलणारा) लावला की नियमाने ३० किलो जास्त वजन लादायचे. आणि डिझेलवाले टर्बोच्या जोरावर सरळ रस्त्यावर पळायचे. हे असलं तंत्र खेळात आणणाऱ्यांना...

धुराडे
दादा, रडगाणं थांबवा. डिझेलचं जड इंजिन पुढच्या चाकांच्या माथ्यावर. वळणं, ब्रेक आणि ताकद तिन्ही त्याच दोन टायरवर. शर्यतीच्या शेवटच्या लॅप्समध्ये नाक बाहेर ढकललं जातं, मग ड्रायव्हर आधी ब्रेक लावून शेपूट फिरवतो, नाहीतर टायरची राख. दुसरी शर्यत स्टँडिंग स्टार्टची (थांबलेल्या गाड्यांनी सुरू होणारी), तिथे पुढची चाकं नुसती फिरतात आणि तुमची बीएमडब्ल्यू झर्रकन पुढे. त्यावर टर्बोच्या बूस्टलाही मर्यादा घातलीच की!

मागचं_चाक
एक स्टँडिंग स्टार्ट दिला म्हणून उपकार? पहिली शर्यत रोलिंग स्टार्टची (चालत्या गाड्यांनी), तिथे कोणाला फायदा? सोयीचं तेवढंच मोजायचं.

लिमिटर
वीस प्रतिसाद डिझेलवर, टार्क्विनी कुठे गेला? आकडे घ्या. २००८च्या डब्ल्यूटीसीसीत त्याचा सहकारी म्युलर पहिला, टार्क्विनी दुसरा. २००९ला मकाऊला मालिका संपली तेव्हा टार्क्विनी चार गुणांनी पुढे. दोन्ही वर्षं दोघांकडे तीच लिऑन. डिझेलने जिंकवलं म्हणता, तर म्युलर का हरला?

मागचं_चाक
मग २०१० आणि २०१३? म्युलर शेव्हरोलेत पहिला, तुमचा माणूस दोन्हीदा दुसरा.

लिमिटर
२०१०ला सीआटचा कारखाना माघार घेऊन गेलेला, गाडी खाजगी संघाची. २०१३ला होंडा सिव्हिक नवीन. दुसरा येणं हा आरोप आहे का?

मागचं_चाक
बरं, २००९ दिलं तुम्हाला, खूश? २०१८ मात्र नाही. डब्ल्यूटीसीआरमध्ये वजन, इंजिनची पातळी आणि गाडीची उंची हे तिन्ही बीओपीवाल्यांच्या हातात होतं. त्याची ह्युंदाई आय३० एन कोणाच्या कृपेने पळाली ते ठरवा.

गाडीवान
बीओपी गाडीला लागते, ड्रायव्हरला नाही. चारही आय३० एनला तीच बीओपी. ५६व्या वर्षी त्या सगळ्यांना मागे टाकून म्युलरच्या पुढे तीन गुणांनी. त्याच गाडीतले बाकीचे तिघे कुठे होते, ते मांडा आधी.

मागचं_चाक
मांडतो. आणि तोवर ३० किलोचं उत्तर तुम्ही द्या.