'द सोप्रानोज'चा शेवट : टोनी मेला की नाही? (स्पॉयलर आहेतच)

घंटानाद
न्यू जर्सीतला माफिया बॉस टोनी सोप्रानो याच्यावरच्या अमेरिकन मालिकेचा, १० जून २००७ ला एचबीओवर लागलेला ८६वा, शेवटचा भाग. होल्स्टेन्स या रेस्टॉरंटमध्ये टोनी, बायको कार्मेला, मुलगा एजे ऑनियन रिंग्ज खातायत, मुलगी मेडो बाहेर गाडी लावतेय. ती दाराकडे धावते, दाराची घंटी वाजते, टोनी वर बघतो आणि पडदा काळा. मग कितीतरी सेकंद नुसती शांतता. केबल गेली असंच अनेकांना वाटलं होतं.

माझ्या मते टोनी मेला, आणि ते एडिटिंगमध्येच सांगितलंय. फक्त घंटीकडे लक्ष ठेवून प्रसंग परत बघा. घंटी, टोनीचा चेहरा, मग त्याला दिसलेला माणूस. दार उघडेल तेव्हा हाच क्रम. शेवटी घंटी, चेहरा आणि तिसऱ्या जागी काळोख. म्हणजे टोनीला तेवढंच दिसलं. मागे चाललेलं गाणंही मध्येच तुटतं. त्याआधी 'मेंबर्स ओन्ली' ब्रँडचं जॅकेट घातलेला एक अनोळखी माणूस टॉयलेटमध्ये गेलाय, माझ्या मते तोच मारेकरी. सहाव्या सीझनच्या पहिल्या भागाचं नावही तेच, आणि त्यातच टोनीचा काका, अंकल ज्युनियर, टोनीवर गोळी झाडतो. शिवाय होडीत टोनीचा मेहुणा बॉबी म्हणालेला की वेळ येते तेव्हा बहुतेक आवाजही ऐकू येत नसावा. शेवटून दुसऱ्या भागात ते मुद्दाम पुन्हा दाखवलंय.

शंकासुर
क्रम इतका स्वच्छ नाही हो. टोनी आत शिरतो, नजर फिरवतो, आणि पुढच्या शॉटमध्ये टेबलाशी बसलेला टोनीच दिसतो! नजरेचा नियम तिथेच मोडला. मेडोचं पार्किंग तर त्याला दिसणंच शक्य नाही.

आणि मारणार कोण? न्यूयॉर्कच्या शत्रू टोळीतल्या बुचीने तह केलाय, त्याचा बॉस फिल पेट्रोल पंपावर संपलाय. खरा धोका टोनीच्याच टोळीतल्या कार्लोचा, तो फुटून सरकारला साक्ष देतोय. खटला उभा राहायची शक्यता ८० ते ९० टक्के, असं वकील सांगतो. दर वेळी दार उघडलं की मान वर करायची, हीच टोनीची शिक्षा. मारून टाकलं तर सुटलाच की तो.

रिपीटवाला
बुचीच्या तहावर विश्वास? ज्याने स्वतःचा बॉस विकला त्याच्या?

घंटानाद
@शंकासुर, मालिकेचा निर्माता-लेखक डेव्हिड चेस याची २०२१ची मुलाखत बघा. आधी डोक्यात वेगळा शेवट होता म्हणतो. दर भागाच्या सुरुवातीच्या शीर्षक-दृश्यांत टोनी न्यूयॉर्कहून जर्सीला येतो, शेवटी उलटा, जर्सीहून न्यूयॉर्कला एका बैठकीला जाणार, आणि तिथे मरणार.

शंकासुर
तो शेवट त्याने टाकून दिला, हे विसरताय. जे चित्रित केलं त्यावर बोलू.

रिपीटवाला
मग चित्रित केलेलंच घ्या. मेडोला उशीर होतो, डॉक्टरकडे गेलेली असते म्हणून. वर पार्किंग जमत नाही. एजे कार्मेलाशेजारी बसलाय, म्हणजे रिकामी जागा टोनीच्या बाजूची. ती वेळेत आली असती तर तिथे, म्हणजे टोनी आणि टॉयलेटमधून येणाऱ्या जॅकेटवाल्याच्या मध्ये, बसली असती. पार्किंगवर एवढे शॉट उगाच खर्च केलेत का?